मुंगसाची घड्याळं

परवा प्रसादच्या नव्या गाडीतून सांगलीला गेले. प्रसाद माझा जुना विद्यार्थी. आता शेजारीच राहतो आणि मला अजून 'बाई' म्हणतो. त्याची गाडी बोलते. पट्टा लावा म्हणते, चाकात हवा कमी आहे म्हणते, बोलून बोलून दमली की गाणी लावते. समोर काट्याचं घड्याळ म्हणून एकही नाही. काळा चकचकीत पडदा आणि त्यावर उजेडाचे आकडे.

"बाई, इथं सगळं कळतं," तो म्हणाला. "पेट्रोल किती, इंजिन किती तापलंय, अजून किती किलोमीटर जाईल. आत काय चाललंय ते सगळं समोर."

"बरं आहे बाबा तुझ्या गाडीचं," मी म्हटलं.

मार्केट यार्डाजवळ मी काच खाली केली. हळदीचा हंगाम सुरू झालेला. त्या वासाला सुगंध म्हणवत नाही मला. मातकट, कडसर, घसा धरणारा वास. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या पिवळ्या पाठी, रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी. सीटा खराब होतील म्हणून प्रसादनं लगेच काच वर घेतली. वास तेवढा आत राहिला आणि मला आबांचं मुंगूस आठवलं.

मुंगूस म्हणजे गाडी. आबा म्हणजे माझे वडील. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमर घालवून ते साताऱ्याला परत आले आणि कोरेगाव रस्त्याला त्यांनी गॅरेज टाकलं. पाचगणीच्या शाळेतला एक गोरा मास्तर मायदेशी जाताना आपली दोन माणसांची उघडी गाडी आबांच्या हवाली करून गेला, कारण तिचं दुखणंखुपणं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. लांब नाक, बुटकं अंग आणि सुटली की सुसाट. गावानं तिला मुंगूस असं नाव ठेवलं. नाक्यावरून जाताना कुणीतरी हमखास ओरडायचं, "आबा, छप्पर टाकायचं ऱ्हायलं का वं?" आबा मान न वळवता म्हणायचे, "तुज्या घरचं उचलून आनतो, थांब."

मुंगसाच्या पुढच्या लाकडी फळीवर चार घड्याळं होती. त्यांना मीटर म्हणणारे आबा एकटेच, बाकी सगळा गाव घड्याळंच म्हणायचा. वेगाचं सगळ्यांत मोठं, मैलांतलं. मग तेलाचं, पाणी किती तापलं त्याचं आणि पेट्रोलचं. पेट्रोलचा काटा हललेला मी कधी बघितला नाही. त्याच्याऐवजी आबांकडे कळकाची एक काठी होती. टाकीत बुडवायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं. काठीवर चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या आणि त्या खाचांना गावांची नावं होती. लिटर, गॅलन असलं काही नाही. "उंब्रजपातूर हाय," आबा म्हणायचे. किंवा, "कराड गाठतंय बघ." सगळ्यांत वरची खाच सांगलीची. ती माझ्या लग्नाच्या वर्षी पाडली.

सासर माझं सांगलीचं, हळदीच्या अडतीचं. त्या घरात पिवळं नाही असं काही नव्हतंच. सासऱ्यांचं धोतर, दारांच्या कड्या, विजेची बटणं, उशांचे अभ्रे, मांजराच्या मिश्या. मी भाकरी थापली की भाकरीवर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उठायचे आणि धाकटे भावजी ओरडायचे, "वहिनींनी सही केली बघा." हरिपूरला जमिनीखाली खणलेल्या पेवांतून साठवलेली हळद निघायला लागली की घरातली सगळी माणसं एकाच रंगाची व्हायची. मला ते आवडायचं. हसू यायचं फार.

म्हणून तर यांचे डोळे पिवळे झालेले कुणाच्या लक्षात आले नाहीत.

हे म्हणजे माझे यजमान. हंगाम ऐन भरात होता. सकाळी पेवावर जायचे, दिवेलागणीला पिवळे होऊन यायचे. जेवण जात नाही म्हणाले, अंग मोडून आलंय म्हणाले. मी म्हटलं, डोळे पिवळे दिसतायत. सासूबाई म्हणाल्या, "हळद गेली असंल. पानी मार म्हनावं." पाणी मारलं. नखं पिवळी, तळहात पिवळे, बनियन पिवळा. त्या घरात कावीळ ओळखायची कुणी आणि कशी? मिरजेच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढली, बघितलं आणि चिडून विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" हळदीचं काम करत होतो. दुसरं काही उत्तर आमच्याकडे नव्हतं.

ते गेले आणि मी रडले नाही. आधी लोकांना वाटलं धीराची आहे. मग वाटलं धक्का बसलाय. मग लोकांनी नाद सोडला. आबा मला साताऱ्याला घेऊन आले, तिथंही तसंच. आई म्हणायची, "रडून घे गं बाय, मोकळी हो." मी म्हणायची, "बरं." आणि भांडी घासायला बसायची. दुःख होत होतं म्हणावं तर तेही नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. चहा कढत आहे की निवलाय ते मला पेल्यावरची वाफ बघून कळायचं. आईनं माझ्या ताटात लोणचं वाढलं होतं की नाही, हे मी बोटं बघून ठरवायची.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुन्हा फेब्रुवारी आला, आणि भावजी मला न्यायला साताऱ्याला आले.

वाईट माणसं नव्हती हो ती. भावजी ओसरीवर बसून टोपी हातात फिरवत होते. "आईला काम झेपंना आता," ते आबांना म्हणाले. "हंगाम सुरू झालाय. वहिनींसाठी मागली खोली रंगवून घेतलीया. घर त्यांचंच हाय." मी दाराआड उभी होते. मला ती मागली खोली दिसत होती. तिला एकच खिडकी, ती पोत्यांच्या थप्पीवर उघडायची. त्या खोलीत मी जन्मभर हळद निवडत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. जा म्हणाले असते तर मी तशीच चपला घालून निघाले असते.

आई म्हणाली, "दिल्या घरची हाय. किती दिस ठेवून घ्यायची? लोक काय म्हनत्याल?" तिचंही खोटं नव्हतं. लोक म्हणायला लागलेच होते.

आबांनी भावजींपुढं पानाचा डबा सरकवला. मग म्हणाले, "गाडीचं काम काढलंय. घड्याळं बदलायचीत समदी. झालं की मीच घेऊन येतो तिला."

भावजी हो म्हणाले आणि दुपारच्या एसटीनं परत गेले. काम काही काढलेलं नव्हतं. भावजींना सोडून आल्यावर आबा गॅरेजात गेले आणि त्यांनी मुंगसाची पुढची फळी उचकटली.

असा तो हंगाम. तिकडं सांगलीत हळद निघत होती, इकडं साताऱ्यात घड्याळं निघत होती. एकेक घड्याळ बसलं की माझं जाणं तेवढं जवळ येणार, हे मला कळत होतं, आईला कळत होतं. ती रोज संध्याकाळी विचारायची, "आवं, किती ऱ्हायलं?" आबा म्हणायचे, "लय ऱ्हायलंय."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. "सुमे, हिकडं ये. तुजी बोटं बारीक हाईत." फळीच्या पाठीमागं तारांचं जाळं होतं, त्यात आबांचा पंजा शिरत नव्हता. मी सीटवर उताणी पडून हात वर घालायची आणि आबा बाहेरून सांगायचे, "तांबडी धर. न्हाई, तिच्या शेजारची." चामड्याचा, तेलाचा, उंदराच्या लेंड्यांचा वास. वर अंधार आणि त्यात माझे दोन हात, दुसऱ्या कुणाचे असावेत असे. एकदा तार चिकटवताना तापल्या कथलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला. मी बघत राहिले. कातडी पांढरी झाली, मग फोड आला. आबांनी बघितलं. भाजलं का, असं विचारलं नाही त्यांनी. पाण्याची बादली आणली, माझा हात धरून तिच्यात बुडवला आणि पाणी कोमट होईपर्यंत सोडला नाही.

पेट्रोलचं नवं घड्याळ जुन्या बाजारातल्या जीपचं आणलं. टाकीत तरंगा सोडला आणि काटा पहिल्यांदा हलला. आई बघायला आली होती. म्हणाली, "हे सांगतंय त्ये खरं कशावरनं?" आबांनी काठी बुडवून दाखवली. काठी आणि काटा दोघांचं जमलं. तरी आई म्हणाली, "काठी टाकू नगा." पाण्याचं घड्याळ बसलं, तेलाचं बसलं. प्रत्येकामागं नवा दिवा लागला. आबा कधी कधी बसवलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी परत काढायचे. काटा जरा अडकतोय म्हणायचे. मला तर तो अडकलेला दिसायचा नाही.

राहिलं वेगाचं. आबांना ते मैलांचं किलोमीटरचं करायचं होतं. त्या मापाचं दुसरं मिळेना, तेव्हा त्यांनी ते काढून रसूलभाईंच्या दुकानात नेलं. रसूलभाई घड्याळजी. मनगटातली, भिंतीवरची, टेबलावरची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. गाव म्हणतो ना घड्याळ, मग घड्याळजीकडेच न्यायचं. रसूलभाईंनीही ते कौतुकानं ठेवून घेतलं. तबकडी काढली, जुने आकडे पुसले, काळा रंग दिला आणि आबांनी मांडून दिलेल्या हिशेबानं बारीक कुंचल्यानं किलोमीटरचे आकडे काढले. मराठी आकडे, मोत्यासारखे. आम्ही आणायला गेलो तर बघतो काय, रोज घड्याळं बसवणारा हात तो, तबकडी फिरवून बसवलेली आणि शून्य बरोबर डोक्यावर. काटा वर ताठ उभा.

आबा बघत राहिले. म्हणाले, "रसूलभाई, गाडी जाग्यावं हुबी, आन् बारा वाजले की हो तिचे!"

दुकानात हशा पिकला. रसूलभाई कपाळावर हात मारून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "या अल्ला! आदत है आबा, हाताला आदतच तशी," ते म्हणाले. बाहेर पानवाला हसला. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. मला कळत होतं की गंमत झाली आहे. वर्षापूर्वीची मी असते तर पोट धरून हसले असते, हेही कळत होतं. आबांनी हसता हसता माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसणं थांबलं. त्यांना मी तेवढ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका म्हणायला हवं होतं.

तबकडी सरळ करून घेतली. वरचे आकडे किलोमीटरचे झाले. खालच्या खिडकीतला, गाडी एकूण किती पळाली ते मोजणारा आकडा मात्र मैलांतच राहिला. ते आतलं यंत्र बदलणं रसूलभाईंच्या हातचं नव्हतं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पळाली त्ये मैलच पळाली."

काटा बरोबर दाखवतो का ते बघायला आबांनी मला गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गाडी हाकायला लावली. लहानपणी गॅरेजच्या आवारात मी पुढं-मागं करायची, तेवढंच येत होतं. "तू हाक, मी काट्याकडं बघतो," ते म्हणाले. मी हाकली. सांगितलेलं काम मी त्या दिवसांत चोख करायची. माळावर वाळकं गवत आणि मेंढरं. मेंढका हातातली काठी टेकवून बघत राहायचा. बरेच दिवस आम्ही जात होतो. एवढे दिवस लागतात का काटा तपासायला, असा विचारही माझ्या मनात आला नाही.

मग काम संपलं. बदलायला काहीच उरलं नाही. पाडव्याच्या आधी एका सकाळी आबांनी अंघोळ करून फौजेतला कोट घातला. आई म्हणाली, "हिची पेटी?" आबा म्हणाले, "गाडीत जागा कुठं हाय? मागनं बघू." आईनं कळकाची काठी आणून सीटमागं ठेवली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली आणि आत गेली. ती रडत होती. तिचं बघून मी मनात म्हटलं, बरं आहे, घरात कुणीतरी रडतंय.

उंब्रज गेलं, कराड गेलं. नदीचा पूल ओलांडल्यावर रस्त्याकडेच्या चिंचेखाली आबांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडं," म्हणाले. "हाक."

"आबा, हा हमरस्ता आहे."

"व्हय. म्हनूनच."

मी सरकले. गाडी सुरू केली. तेल ठीक, पाणी ठीक, पेट्रोल अर्ध्याच्या वर. आजूबाजूला उभा ऊस, कारखान्याची मळी नाकात, आणि समोरून उसाच्या बैलगाड्यांची रांग. मागून एसटीचा हॉर्न. माळावर मेंढरं तरी बाजूला व्हायची. मी म्हटलं, "आबा, काट्याकडं बघा, किती आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"किलोमीटर तुज्या शाळंतलं. मला मैलाबिगार अंदाज येत न्हाई. एवढी वर्सं मैलावं काढली."

"मग माळावर काय बघत होता तुम्ही?"

"तुज्याकडं बघत हुतो."

"मग बदललं कशाला?"

आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "गाडी तू हाकनार. रस्त्याचं दगड किलोमीटरचं झाल्यात. तुला कळाय नगं?"

तेवढ्यात रांगेतली एक गाडी मध्ये आली. बैल बुजला, मोळ्या कलंडल्या, गाडीवान शिवी देत उभा राहिला. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. मुंगूस करकरत थांबलं, बैलाच्या शिंगापासून हातभर. स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, सोडवेना. मला भीती वाटली होती. साधी, जिवाची भीती. कितीतरी महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं आणि ते एवढं मोठं होतं की मी मोठ्यानं ओरडले, "आबा, मी मेले असते ना आत्ता!"

"मंग?" आबा म्हणाले. "मरायचं न्हाई म्हनून तर वरडलीस. चल, एसटीवाला खोळंबलाय."

इस्लामपूर, आष्टा मीच हाकलं. सांगलीत अडतीच्या दारात मुंगूस उभं केलं तेव्हा हमाल पोती खाली टाकून बघायला लागले. भावजी बाहेर आले. मी ज्या बाजूनं उतरले ती बाजू त्यांनी बघितली, मग आबांची बघितली. सासूबाई हळदीतूनच उठून आल्या. "पेटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घेऊन येतो म्हनालो हुतो," आबा म्हणाले, "आनली. सोडतो म्हनालो नव्हतो. तुमची गाठ घालून घेऊन जातो."

मला वाटलं आता वाजणार. सासूबाई आबांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "तुजं काय म्हननं हाय गं?" त्या म्हणाल्या.

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता होतं. "आत्याबाई, मला साताऱ्याला राहायचंय," मी म्हटलं. "शिकायचंय पुढं. ह्या घरात मला सगळीकडं त्यांचे डोळे दिसतात."

सासूबाईंचे ओठ हलले. "मला न्हाई व्हय दिसत?" त्या म्हणाल्या. "पानी मार म्हनाले मी. मीच म्हनाले."

त्यांनी हात पदराला पुसले. पदरही पिवळाच. मग दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि त्या रडायला लागल्या, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडले की हमालांनी तोंडं फिरवली. सुईचा बधिरपणा उतरायला लागलेल्या गालावर पहिली कळ येते ना, तशी ती कळ आली आणि थांबेना. आबा गाडीपाशी जाऊन काठी टाकीत बुडवून बघत बसले.

चहा घेऊन निघालो. मी हाकत होते. आष्ट्याच्या पुढं ऊन कललं आणि वेगाच्या घड्याळाच्या काचेत मला माझं तोंड दिसलं. दोन्ही गालांवर सासूबाईंच्या पंजांची हळद होती, डोळ्यांच्या पाण्यानं ओघळलेली. वर्षभर मला कुणी हळद लावली नव्हती. लावायची नसते. मी ती पुसली नाही.

आबांनी काट्याकडं मान वाकवली. मग म्हणाले, "किती हाय गं?"

"चाळीस."

"मैल?"

"किलोमीटर, आबा."

"हात तिच्या," आबा म्हणाले. "मग जरा दाब की."